वारा पडायची वेळ

फोनवर भूपालचं नाव दिसलं तेव्हा तो उचलायच्या आधीच मी चिडलेलो होतो. रविवारची सकाळ. आटपाडीच्या माळावर भेटायचं ठरलेलं. मी साताऱ्यात गाडीत पाण्याचा कॅन आणि घडीची खुर्ची टाकून निघायच्या बेतात, आणि अशा वेळी या माणसाचा फोन म्हणजे रद्द, दुसरं काही असूच शकत नाही. हॅलोसुद्धा न म्हणता मी सुरू झालो, "आता काय झालं? बस्तीत महाराज आलेत? हळदीचा ट्रक आला? सांग, आज काहीतरी नवीन सांग!" पलीकडून त्याच्या बायकोचा, पद्मावहिनींचा आवाज आला. "भावजी... ते गेले. पहाटं. झोपेतच." मी अंगणातल्या पायरीवर बसलो. त्यांना काय म्हणालो ते आठवत नाही. एवढं आठवतं की सांगलीपर्यंत गाडी चालवताना मला रडू आलं नाही, राग आला. त्याला आता काही आठवडे झाले, राग तसाच आहे. या लेखात तो जागोजागी दिसेल, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

भूपाल माझा सांगलीच्या कॉलेजातला मित्र. मी साताऱ्याच्या शाळामास्तरांचा मुलगा, तो सांगलीतल्या हळदीच्या जैन व्यापाऱ्याचा. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये एकाच बाकावर आमची गाठ पडली. मला राग पटकन येतो आणि त्याला येतच नाही, हे पहिल्याच आठवड्यात दोघांनाही कळलं. शेवटच्या वर्षी कॉलेजच्या प्रदर्शनासाठी आम्ही एक रॉकेट ग्लायडर बनवलं. ते काय असतं ते सांगतो. बाल्साच्या हलक्या लाकडाचं हातभर विमान. नाकाजवळ फटाक्यातल्या दारूची बोटाएवढी नळी बसवायची. ती पेटली की सगळं सुसाट सरळ वर जायचं. वर पोचल्यावर नळीतला शेवटचा छोटा बार त्या नळीलाच बाहेर ढकलून देतो, आणि हलकं झालेलं ग्लायडर पंखांवर तरंगत, घिरट्या घालत खाली येतं. म्हणजे यायला पाहिजे. आमची नळी अडकून बसली. ते वर गेलं तसं नाक खाली करून दगडासारखं आलं आणि भजीच्या मांडवावर पडलं. सगळं कॉलेज हसलं. मी तिथून पळालो. भूपाल मात्र मांडवाखाली वाकून वाकून एकेक तुकडा गोळा करत बसला होता, तेलाने माखलेला. त्याची ती पाठ मला अजून दिसते.

मग मी पाटबंधारे खात्यात नोकरीला लागलो, त्यानं वडिलांची हळदीची वखार सांभाळली. लग्नकार्यात भेटायचो, दिवाळीला फोन. ग्लायडरचा विषय कधी निघाला नाही. मी निवृत्त होऊन साताऱ्यात परत आलो त्या वर्षी भूपालला हृदयविकाराचा झटका आला. मी सांगलीला धावलो. ऑपरेशन झालं, निभावलं. डॉक्टरांनी निघताना बजावलं, उपास-तापास एकदम बंद, वेळेवर खायचं आणि खाण्यावर गोळ्या घ्यायच्या. भूपाल म्हणजे अष्टमी, चतुर्दशीला पाण्याचा थेंब न घेणारा माणूस. पद्मावहिनी मला बाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "भावजी, माझं ऐकत न्हाईत. तुमी जरा आवाज चढवून सांगा." आवाज चढवायचं काम असेल तर लोक मलाच बोलावतात. मी खाटेजवळ जाऊन त्याला असा झापला की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. "शब्द दे! एक उपास करणार नाहीस!" भूपालनं मुंडी हलवली. "दिला," म्हणाला. आणि त्याच दमात, हातातली सलाईन सांभाळत, "वसंता, ते इमान हाय माझ्याकडं अजून. वखारीत. काढूया का आता?"

मला आधी कळेचना कुठलं विमान. कळल्यावर मी कपाळाला हात लावला. म्हटलं, मरता मरता वाचलास, आणि तुला हे सुचतंय? तो म्हणाला, "म्हणूनच सुचतंय गड्या. एकदा तरंगत उतरताना बघायचं हाय मला. बास, एकदा." मी हो म्हणालो. आणि त्या दिवसापासून मला एकच घोर लागला. याच्या डोळ्यांदेखत ते लाकूड एकदा धड उडालं पाहिजे, आणि ते लवकर उडालं पाहिजे. याचं काळीज किती दिवस साथ देणार, हे डॉक्टरसुद्धा सांगत नव्हते.

वखारीच्या माडीवर पत्र्याच्या डब्यात ते निघालं. हळदीनं पिवळंधमक झालेलं, उग्र वासाचं, पण एक तुकडा किडलेला नाही. हळदीजवळ कीड फिरकत नाही, असं भूपाल मोठ्या अभिमानानं सांगायचा, जणू त्यानंच ती सोय करून ठेवली होती. माझ्या मते दुरुस्ती म्हणजे फार तर चार रविवारांचं काम. नवीन बाल्सा आणायचा, जुन्या मापानं कापायचा, चिकटवायचा, मोकळं व्हायचं. पण तसं करेल तर तो भूपाल कसला! त्याला तेच लाकूड हवं होतं, तेच पंख, तीच शेपटी. बरं, तेच तर तेच. तुटलेले तुकडे जोडून झाले आणि एक दिवस गेलो तर हे महाशय चांगले पक्के बसलेले जुने सांधे वाफेवर धरून सोडवतायत. मी किंचाळलोच. तो शांतपणे म्हणाला, "तवा आपण सरस लावला हुता रं. हाडाकातड्याचा असतोय. आता मला चालत न्हाई." "आणि तेव्हा चालला तो?" "तवा म्हाईत न्हवतं." झालं. सगळे सांधे सुटे करून सुताराच्या पांढऱ्या गोंदानं पुन्हा जोडले. त्यात त्यानं एक पावसाळा घालवला. शेपटीकडं गोंद जास्त झाल्यामुळं तोल गेला, नाकात वजन घालायची वेळ आली. मी साताऱ्यात संगमावर मासे धरणाऱ्याकडून शिशाचे छान मणी आणले. भूपालनं ते हातातसुद्धा घेतले नाहीत. "गळाचं शिसं हाय ते." मी हात टेकले. शेवटी जुन्या कपाटाचा पितळी स्क्रू कानशीनं घासून घासून नाकात बसवला. तीन रविवार नुसता तो स्क्रू घासण्यात गेले.

एक मात्र कबूल करतो, त्यानं केलेलं काम देखणं होतं. पंखांना पतंगाचा पांढरा कागद त्यानं असा ताणून बसवला होता की टिचकी मारली तर डफासारखा वाजायचा. जिन्यावरून नुसतं हातानं सोडलं तरी ग्लायडर वखारीच्या त्या टोकापर्यंत अलगद जायचं आणि पोत्यांवर बसायचं. वखारीतले हमाल काम थांबवून बघायचे. अशा वेळी भूपाल माझ्याकडं बघून नुसता हसायचा आणि मला वाटायचं, चला, आता एवढ्यात होणार आपलं काम.

पण उडवायचं कुठं? सांगलीच्या आसपास सगळा ऊस आणि द्राक्षं. जळती नळी पडली तर लोकांच्या शिव्या, ग्लायडर उसात गेलं तर सापडायचं नाही. म्हणून आटपाडीकडचा माळ ठरला. मोकळा, कोरडा, नजर पोचेल तिथवर नुसतं गवत आणि चारदोन बाभळी. मी साताऱ्याहून औंध, म्हसवड करत यायचो, तो सांगलीहून ड्रायव्हर घेऊन यायचा. तो सकाळी बस्तीतला, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरातला, अभिषेक झाल्याशिवाय सांगलीबाहेर पडायचा नाही. म्हणजे माळावर पोचायला त्याला साडेअकरा. तोवर वारा सुटलेला. मग आल्यावर पहिलं काम काय? तर केरसुणी काढून जमीन झाडणं! रॉकेटच्या जाळात मुंग्या सापडू नयेत म्हणून. एक हात छातीवर, एका हातात मऊ केरसुणी, आणि हा वाकून वाकून मुंग्यांना बाजूला करतोय. मी म्हणायचो, "अरे, रॉकेट उडवायचंय की मुंग्यांची बदली करायचीय?" तो म्हणायचा, "दोन्ही हुतंय की." त्या झाडलेल्या जागेवर पत्रा, पत्र्यावर सळई, सळईवर ग्लायडर, आणि मग आम्ही दोघं म्हातारे वारा पडायची वाट बघत बसायचो. वारा काही पडायचा नाही.

आणि तीन वाजले की भूपाल उठायचा. इथं माझं डोकं खऱ्या अर्थानं फिरायचं. दिवस मावळायच्या आत त्याला जेवून उठायचं असायचं, ते त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दुखण्यातून उठल्यावर त्यानं आणखी एक नियम घेतला होता. जेवण घरचं, पाणी घरचं आणि ताटावर बसायचंही घरीच. डबा चालायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते बाहेरचं खाऊ नका, यानं त्याचा नियम करून टाकला. आटपाडीहून सांगली म्हणजे दोन तास. म्हणजे तीनला निघणं आलं. हा डब्यात ग्लायडर ठेवून, डबा मांडीवर घेऊन निघून जायचा. एकदा तो गेल्यावर मी चिडून तिथंच खुर्ची टाकून बसून राहिलो. साडेपाचच्या पुढं गवत हलायचं थांबलं. पलीकडं मेंढपाळांचा तळ होता, त्यांच्या चुलीचा धूर दोरीला बांधल्यासारखा सरळ वर गेला. पानसुद्धा हलत नव्हतं. मला तर उडीच मारावीशी वाटली. सांगायला भूपालला फोन लावला, "अरे, मावळतीला वारा पडतो इथं! अगदी पडतो!" तो म्हणाला, "व्हय. म्हाईत हाय मला." माहीत आहे! माहीत असून हा माणूस मला दर वेळी भर वाऱ्यात बसवून ठेवत होता.

आता कुणीही म्हणेल, मग एक दिवस नसता जेवला. मलाही हजारदा तोंडावर आलं होतं ते. पण कुठल्या तोंडानं म्हणणार? उपास करणार नाहीस म्हणून त्याच्याकडून शब्द घेतलेला मी, डॉक्टरांचं बोलणं ऐकलेला मी, आणि वहिनींनी विश्वासानं पुढं घातलेला मी. जेवण चुकलं, गोळी चुकली आणि त्या माळावर, दवाखान्यापासून इतक्या लांब, त्याला काही झालं असतं तर? मी ओठ चावून गप्प बसायचो. मी गप्प बसणं म्हणजे काय असतं हे माझ्या घरच्यांना विचारा.

मग आम्ही भर वाऱ्यात उडवून बघितलं. दुसरा इलाजच नव्हता. पहिल्यांदा ते वर गेलं, नळी सुटली, मी ओरडलो, आणि वाऱ्यानं त्याला उताणं करून बाभळीत घातलं. डावा पंख गेला. दुरुस्तीला महिनाभर. दुसऱ्यांदा सळईवरून सुटताच कोलांटी खाऊन जमिनीत घुसलं. नाक गेलं. मग चातुर्मास लागला, त्या चार महिन्यांत भूपाल गाव सोडून कुठं जात नसे आणि गवतात जीवजंतू फार म्हणून उडवणं तर लांबच. मी फोनवर आदळआपट करायचो. चातुर्मास संपल्यावर मधूनच एखाद्या दिवशी हवा चांगली दिसली की विचारायचो, "आज येतोस का? आडवारी जाऊ." कधी यायचा, कधी म्हणायचा, "आज न्हाई जमायचं, वखारीत काम हाय." पुण्यातल्या एका हौशी मंडळाकडून आणलेल्या नळ्या संपत आल्या. शेवटी एकच उरली. त्या एका नळीसाठी त्या रविवारी आम्ही भेटणार होतो.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. "भावजी, तुमचं ते इमान घेऊन जाता का? ह्या घरात माझं ध्यान सारखं त्या डब्याकडं जातंय." मी म्हणालो, नेतो, पण नुसतं नेणार नाही. एकदा उडवू. तुम्ही चला. असं मी का म्हणालो मला माहीत नाही. तो बघायला नाही तर त्या लाकडाचं मला काय करायचं होतं? पण वहिनी लगेच हो म्हणाल्या, आणि दिवसही त्यांनीच सांगितला. "परवा या. दुपारनं निघू." मी परवा दुपारी सांगलीला गेलो. डबा मागच्या सीटवर ठेवला, वहिनी पुढं बसल्या. माळावर पोचलो तेव्हा चार वाजायला आले होते आणि वारा नेहमीसारखा मोकाट. मी घड्याळ बघितलं. "वहिनी, आपण उशिरा निघालो. आता परतायला हवं. तुमचं जेवण..."

वहिनी खुर्चीत बसल्या, पदर नीट केला. "बसा भावजी. आज चतुर्दशी हाय. आज जेवायचं न्हाई."

मी बसलो. वारा गवतातून सूं सूं करत होता. मी सहज म्हणून, काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "तुमचं बरं आहे. भूपालला चतुर्दशी सोडावी लागली, त्याचं फार वाईट वाटलं असेल त्याला."

"सोडली कुठं?" वहिनी म्हणाल्या. "एक चतुर्दशी चुकवली न्हाई त्यांनी. मी रडले, भांडले. तोंडात पाणी न्हाई घ्यायचे."

मला आधी नीटसं कळलंच नाही. मग कळलं. म्हणजे दर पंधरा दिवसांनी एक दिवस असा होता की याला जेवायचंच नव्हतं. घरी पोचायचं नव्हतं, ताटावर बसायचं नव्हतं. माळावर बसून मावळतीची वाट बघता आली असती, वारा पडला असता, ग्लायडर तरंगत उतरलं असतं आणि यानं ते बघितलं असतं. "मग त्या दिवशी का नाही आला तो इथं?" मी ओरडलो. वहिनींवर ओरडायचं काही कारण नव्हतं, पण ओरडलो. "का नाही आला?"

"कसे येणार?" त्या म्हणाल्या. "तीन वाजून गेल्यावर तुमी विचारणार, घरी जायचं न्हाई का, जेवायचं न्हाई का. तुमाला शब्द दिला हुता न्हवं त्यांनी. दर चतुर्दशीला म्हणायचे, आज सांगून टाकतो वसंताला, आज जातो माळावर. चपला घालेपर्यंत जायचे. मग म्हणायचे, नको. लय ओरडंल. जिवाला लावून घेईल. मग तुमचा फोन आला की सांगायचे, वखारीत काम हाय."

तो मला जपत होता आणि मी त्याला जपत होतो, आणि दोघांच्या जपण्यात त्याचे दिवस संपले. किती चतुर्दशा गेल्या असतील? मला मोजायच्या नाहीत. मी उठलो, सळई रोवली, ग्लायडर बसवलं, शेवटची नळी घातली, ती पेटवायच्या बटणाच्या तारा जोडल्या. दोनदा तार निसटली. तोवर उन्हं उतरली. गवत हलायचं थांबलं. मेंढपाळांचा तळ आता तिथं नव्हता, पण धुराची गरजच नव्हती. हवा किती निवांत आहे ते अंगाला कळत होतं.

बटण मी वहिनींच्या हातात दिलं. "दाबू?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दाबा. फुस्स करून ते गेलं. इतकं सरळ गेलं की मला मान दुखेपर्यंत वर बघावं लागलं. वर टिचकीएवढा आवाज झाला, नळी सुटून गवतात पडली, आणि ग्लायडर तिथंच क्षणभर थांबल्यासारखं झालं. मग त्यानं डावीकडं एक मोठं, संथ वळण घेतलं. बाभळींवरून गेलं, आमच्या गाडीवरून आलं, पुन्हा फिरलं. घाई कसली ती नाहीच. कागदाच्या पंखांतून मावळतीचा उजेड आरपार दिसत होता. वहिनी तोंडावर पदर धरून बघत होत्या. ते खाली आलं, आणखी खाली आलं, गवताच्या शेंड्यांवरून सरकलं आणि बसलं. काही तुटलं नाही, काही वाकलं नाही. जे बघायला तो तडफडला, ते सगळं मी बघितलं.

आणि मग मला आवरेना. त्या माळावर उभा राहून, छाती फुटेस्तोवर, मी भूपालला शिव्या दिल्या. गाढवा म्हणालो, मूर्खा म्हणालो, लिहिता येणार नाही तेही म्हणालो. सांगायचं होतंस रे, एकदा सांगायचं होतंस, ओरडलो असतो, दोन दिवस बोललो नसतो, आणि तिसऱ्या दिवशी तुला इथं घेऊन आलो असतो. घसा बसला. मग लक्षात आलं, वहिनी जवळच उभ्या आहेत. मी ओशाळून थांबलो. म्हटलं, वहिनी, माफ करा.

त्या आभाळाकडंच बघत होत्या. "थांबू नका भावजी," त्या म्हणाल्या. "माझ्या वाटणीच्या बी द्या."